मार्क ट्वेनचें एक वाचन

अमेरिकन विनोदी निबंधकार मार्क ट्वेन व्यासपीठावर आला कीं श्रोत्यांत हंशा उसळे. त्याच्या थोरल्या लेकीला, सूझीला, मात्र तो हंशा सलत असे; पित्याला जगानें केवळ विनोदी म्हणून ओळखावें, हें तिला रुचत नव्हतें.

१८९० सालीं ती फिलाडेल्फियाजवळील ब्रिन मॉर या स्त्रियांच्या कॉलेजांत दाखल झाली. १८९१ च्या मार्चमध्यें ट्वेन तेथें वाचनासाठीं गेला. 'सोन्याचा हात' ही भुताची गोष्ट तेवढी वगळावी, अशी तिनें विनवणी केली होती. ही गोष्ट त्यानें बालपणीं मिसूरींत, मावशीच्या मळ्यावर, एका वृद्ध गुलामाच्या तोंडून ऐकलेली. तिचें सारें मर्म शेवटल्या स्तब्धतेंत आहे : सभा निःशब्द व्हावी आणि सांगणाऱ्यानें एकाएकीं श्रोत्यांच्या अंगावर ओरडावें. स्तब्धता किंचित् लांबली तरी गोष्ट फसली. आपल्या कीर्तनकारांनाही हें मर्म ठाऊक असतें. लेकीवर ट्वेनचा जीव होता; पण समोर सभा दिसली कीं वक्त्याचें भान कांहीं निराळेंच! त्यानें ती गोष्ट सांगितलीच. सूझी रडत सभागृहाबाहेर पळाली. त्याच वर्षीं तिनें कॉलेज सोडलें.

पुढें कर्ज फेडण्यासाठीं ट्वेन व्याख्यानें देत जगभर हिंडला. १८९६ च्या जानेवारींत तो मुंबईसही आला होता. सूझी अमेरिकेंतच राहिली होती. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें, तो इंग्लंडमध्यें असतां, तिकडे ती वारली. वय अवघें चोवीस.