समुद्रातल्या निर्मनुष्य गॅस प्लॅटफॉर्मला वीज पुरते कशी?

मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर अरबी समुद्रात ‘मुंबई हाय’ हे तेलक्षेत्र आहे. 1974 साली ‘सागर सम्राट’ने तिथे तेल शोधलं. जवळच ओएनजीसीचं वसई वायुक्षेत्रही आहे. या भागातल्या विहिरींवरचे बरेच छोटे प्लॅटफॉर्म निर्मनुष्य असतात. माणसं तिथे जातात ती देखभालीपुरती, बोटीने किंवा हेलिकॉप्टरने.

मग दाब-तापमान मोजणं आणि धोका दिसताच विहीर बंद करणं हे काम एक छोटा संगणक करतो. त्याला आरटीयू म्हणतात. आकडे तो रेडिओवरून मोठ्या प्लॅटफॉर्मला कळवतो. वीज मिळते सौर पॅनेल आणि बॅटऱ्यांमधून.

आता हिशोब करू. समजा सगळी यंत्रणा सतत 100 वॅट खाते. म्हणजे दिवसाला 2.4 युनिट. नाशिकमध्ये वीज गेली तर घरचा इन्व्हर्टर काही तास धकवतो. इथे पावसाळ्यात पाच दिवस ऊन नाही असं धरावं लागतं. म्हणजे 12 युनिटचा साठा, 24 व्होल्टला 500 अँपिअर-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून जास्तच. हे सगळं वजन छोट्या डेकवर. खप 40 वॅटवर आणला, तर साठा 200 अँपिअर-तासांवर येतो.

आता गंमत बघा, सर्वात खादाड भाग बहुतेकदा संगणक नसतोच. सुरक्षा व्हॉल्व्ह वीज गेली की आपोआप बंद व्हावा लागतो. त्यामुळे तो उघडा ठेवायला त्याच्या सोलेनॉइडला चोवीस तास वीज द्यावी लागते. दहा वॅटचे तीन सोलेनॉइड म्हणजे 30 वॅट तिथेच गेले! म्हणून एक-दोन वॅटचे सोलेनॉइड निवडतात. ते फक्त इशारा देतात. व्हॉल्व्ह हलवण्याची ताकद दाबाखालच्या हवेची किंवा विहिरीच्याच गॅसची असते. रेडिओही सतत बोलत नाही, आकडा बदलला तरच कळवतो.

वाचवायची नाही ती वीज गॅसगळती आणि आग ओळखणाऱ्या सेन्सरची. काही गॅस सेन्सर आतला घटक तापवूनच काम करतात, त्यामुळे तेही बरीच वीज खातात. तरी ते झोपवून चालत नाही.

बॅटरी संपली तर विहीर सुरक्षितपणे बंद होते, पण गॅसही थांबतो. आणि ती पुन्हा सुरू करायला खवळलेल्या समुद्रात माणसं पाठवावी लागू शकतात.