नांदूर मध्यमेश्वर : पाणी उतरले की पक्षी उतरतात

नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात, गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमाजवळ, विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिंचनासाठी दगडी बंधारा बांधण्यात आला. पुराबरोबर येणारा गाळ त्याच्या फुगवट्यात वर्षानुवर्षे साचत गेला. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने हे नुकसानच. परंतु याच गाळातून उथळ पाण्याची डबकी, चिखलाची बेटे आणि पाणवनस्पतींचे दाट पट्टे तयार झाले व पक्ष्यांना हक्काचे घर मिळाले. १९८६ मध्ये या परिसरास अभयारण्याचा दर्जा देण्यात आला. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीतील महाराष्ट्राची पहिली पाणथळ जागा म्हणून त्याची घोषणा झाली. 'महाराष्ट्राचे भरतपूर' ही ओळख त्याआधीपासूनचीच.

येथे २३० हून अधिक प्रकारच्या पक्ष्यांची नोंद आहे. जांभळी पाणकोंबडी, वारकरी, शेकाट्या, चित्रबलाक व शराटी हे सहज दिसतात. हिवाळ्यात उत्तरेकडून तलवार बदक, थापट्या, चक्रवाक येतात. रोहित मात्र दरवर्षी दिसेलच असे नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा भेटीचा उत्तम काळ, असे सर्वत्र सांगितले जाते. ते खरे असले तरी अपुरे आहे. बंधाऱ्यातून गोदावरीच्या दोन्ही कालव्यांना पाणी सोडले जाते आणि त्यासाठी वरच्या धरणांतून आवर्तन येते. आवर्तनाच्या दिवसांत पातळी वाढली की चिखलाची बेटे बुडतात. चिखलात चोच खुपसून अन्न शोधणारे पक्षी दूर पांगतात. पाणी ओसरले की ते परततात. म्हणजेच शेतीचे वेळापत्रक तेच पक्ष्यांचे वेळापत्रक! लांबून येणाऱ्यांनी दिनदर्शिका पाहण्याआधी पाण्याच्या पातळीची चौकशी करावी, हे उत्तम.

चापडगाव येथे निरीक्षण मनोरे आहेत. सूर्योदयापूर्वी तेथे पोहोचावे. दुर्बीण आवश्यक, भडक कपडे व मोठ्या आवाजातील संभाषण टाळावे. छायाचित्राच्या मोहाने पाण्याच्या अगदी काठाशी जाणे चुकीचे आहे, कारण एक बदक उडाले की सारा थवा उठतो. गावातील मार्गदर्शक सोबत घेतल्यास नवख्यांनाही पक्षी ओळखता येतात.

नाशिकहून हे ठिकाण सुमारे ४० किलोमीटरवर आहे. जवळचे रेल्वे स्थानक निफाड. डहाणू, तलासरीकडील पक्षिप्रेमींना विवळवेढे, चारोटी, कासा येथून जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिक गाठता येते. रस्ता घाटाचा असल्याने आदल्या दिवशी निघून नाशिक परिसरात मुक्काम करणे सोयीचे. विवळवेढ्याची महालक्ष्मीची यात्रा आणि पक्षिदर्शन एकाच प्रवासात उरकण्याचा बेत मात्र जमणारा नाही. यात्रा चैत्र पौर्णिमेस सुरू होते, तोपर्यंत बहुतेक पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात.