लेही
लेही : ब्रिटिश अमलाखालील पॅलेस्टाइनमधील भूमिगत सशस्त्र ज्यू संघटना (१९४०–४८). ‘लोहमेई हेरूत इस्राएल’ (इस्राएलच्या स्वातंत्र्याचे लढवय्ये) या हिब्रू नावाच्या आद्याक्षरांवरून ती ओळखली जाते. ब्रिटिश तिला ‘स्टर्न टोळी’ म्हणत. दुसरे महायुद्ध सुरू होताच इर्गुन या संघटनेने ब्रिटिशांविरुद्धचा लढा स्थगित केला. तो निर्णय अमान्य करून आव्राहाम स्टर्न (१९०७–४२) आणि त्यांचे सहकारी १९४० मध्ये इर्गुनमधून बाहेर पडले. लेहीने धर्म, राष्ट्रवाद आणि साम्राज्यविरोध यांची सांगड घातली खरी; पण तिच्या साम्राज्यविरोधाला सर्व जित लोकांच्या समान हक्काचा पाया नव्हता, एकाच लोकसमूहाला मिळालेल्या धार्मिक वचनाचा होता. संघटनेचा झुंजारपणा, तिची हिंसा आणि पुढची फाटाफूट यांचा उलगडा याच विसंगतीतून होतो.

स्टर्न यांच्या ‘पुनरुत्थानाच्या १८ तत्त्वां’त ही विसंगती स्पष्ट दिसते. मायभूमीच्या सीमा तेथे बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातून घेतल्या आहेत, शेवटचे तत्त्व तिसऱ्या मंदिराच्या उभारणीचे आहे आणि देशातील ‘परक्यां’चा प्रश्न लोकसंख्येच्या अदलाबदलीने सोडवावा, असेही त्यांत म्हटले आहे. लढ्याचा नमुना मात्र आयर्लंडचा होता. सिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षाच्या विजयावरील ओहेगार्टी यांचे पुस्तक स्टर्न यांनी हिब्रूत आणले, तर लेहीचे यित्झाक शामीर यांनी आयरिश नेते मायकेल कॉलिन्स यांच्यावरून ‘मायकेल’ हे टोपणनाव घेतले. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी तेल अवीवमधील एका घरात कपाटात लपलेल्या स्टर्न यांना ब्रिटिश पोलिसांनी पकडले आणि तेथेच गोळ्या घातल्या. त्यानंतर शामीर, नातान येलिन-मोर आणि इस्राएल एल्दाद या त्रयीने संघटना पुन्हा बांधली. नोव्हेंबर १९४४ मध्ये लेहीच्या दोघा तरुणांनी कैरोत ब्रिटिश मंत्री लॉर्ड मॉइन यांची हत्या केली. १९४५ मध्ये दोघेही फासावर गेले.

लेहीचा साम्राज्यविरोध हा निव्वळ डावपेच होता, असा आक्षेप घेतला जातो. तो पुरता टिकत नाही, कारण ब्रिटिश गेल्यावरही येलिन-मोर यांनी ही भूमिका सोडली नाही. १९५६ मध्ये इस्राएली पत्रकार उरी अवनेरी प्रभृतींसह त्यांनी ‘सेमिटिक कृती’ हा गट स्थापला, अरबांशी सख्याचा पुरस्कार केला आणि अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्याला पाठिंबा दिला. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९४१ च्या सुमारास लेहीच्या दूताने बैरूतमध्ये नाझी जर्मनीच्या प्रतिनिधीपुढे सहकार्याचा प्रस्ताव मांडला होता. तो निष्फळ ठरला आणि ज्यूंच्या सर्वनाशाची (होलोकॉस्टची) पूर्ण व्याप्ती तेव्हा उघड झाली नव्हती, हे खरे. पण ज्यूंचा छळ तर जगजाहीर होता. सत्ता बळकावून बसलेला परकाच तेवढा खरा शत्रू, हे सूत्र विवेक सोडून ताणले की ते कुठे पोहोचते, याचा हा पुरावा आहे.

९ एप्रिल १९४८ रोजी इर्गुन आणि लेही यांनी देर यासीन या अरब गावावर हल्ला केला. त्यात स्त्रिया आणि मुलांसह शंभराहून अधिक ग्रामस्थ मारले गेले. सप्टेंबरात लेहीच्या लोकांनी जेरूसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा खून केला, तेव्हा इस्राएल सरकारने संघटनेवर बंदी घातली. १९४९ च्या निवडणुकीत तिच्या लढवय्यांच्या यादीला एकच जागा मिळाली. पुढे एल्दाद यांनी वचनदत्त राज्याचा आग्रह धरला, येलिन-मोर अरबांशी समेटाकडे वळले आणि शामीर १९८३ मध्ये पंतप्रधान झाले. परकी सत्ता झुगारण्याचा जो हक्क लेहीने स्वतःसाठी मागितला, तो तिने त्याच भूमीवरील शेजाऱ्याला नाकारला. म्हणून वसाहतमुक्तीच्या इतिहासात तिला स्थान देताना देर यासीनला वगळता येत नाही.