कौटुंबिक रहस्यमालिका (मराठी दूरचित्रवाणी)

एका घराच्या चार भिंतींत संशय, भय आणि गुन्हा घडवणारा मालिकाप्रकार. मराठीतील ठळक उदाहरण झी मराठीवरील ‘रात्रीस खेळ चाले’ (पहिले पर्व 2016). सिंधुदुर्गातील आकेरीच्या खऱ्या वाड्यात तिचे चित्रीकरण झाले. अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर विखुरलेली मुले गावी जमतात आणि कथा सुरू होते.

या प्रकाराचे बळ घरातच आहे. गुन्हेगार बाहेरून आणावा लागत नाही. जमिनीची वाटणी आणि भावाभावांतली अढी पुरते. अलिबाग–मुरूडच्या किनाऱ्यावर, जिथे फार्महाउसांमुळे वाडीचे भाव चढले, तिथल्या प्रेक्षकाला हा तंटा समजावून सांगावा लागत नाही. मालवणी बोलीने मालिकेला अस्सलपणा दिला. ऐन ताणाच्या प्रसंगी ‘इसारलंय’ (विसरलो) म्हणणारा घरगडी पांडू हसवतो आणि त्याला नक्की काय आठवत नाही, ही शंकाही मागे ठेवतो. असे पात्र लिहिणे सोपे नाही.

मुख्य उणीव लांबीची. रहस्याला शेवट हवा असतो, दैनंदिन मालिकेला तो परवडत नाही. मग दचकवणे हीच सवय होते आणि उलगडा तोकडा पडतो. भुताटकी की माणसाचे कारस्थान, हे झुलते ठेवल्याने अंधश्रद्धेला खतपाणी मिळते, असा आक्षेप 2016 मध्ये कोकणातूनच आला. तो रास्त होता. 2019 च्या दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांची कथा सांगितली. इथे शेवट आधीच ठाऊक होता, त्यामुळे लक्ष माणसांवर राहिले. माधव अभ्यंकरांचा अण्णा भुतांपेक्षा भयंकर वाटतो.