गाळाची दैना

उकिरड्याची दैना बारा वर्षांनीं फिटते, अशी म्हण आहे. शहरांतल्या मैलापाण्याच्या गाळाची दैना फिटावयास मात्र जगाला याहून पुष्कळ अधिक काळ लागला.

१९१४ सालीं मँचेस्टर येथें आर्डर्न व लॉकेट या रसायनज्ञांनीं मैलापाण्यांत हवा खेळवून तें शुद्ध करण्याची कृति प्रसिद्ध केली. अनेक शहरांनीं ती उचलली. पाणी निवळलें, परंतु घाण कोठें गेली? ती गाळ होऊन तळाशीं बसली, आणि बरेचसे रोगजंतु व जंतांचीं अंडीं तिच्यांतच एकवटलीं. असा कच्चा गाळ खत म्हणून शेतांत पडला, तर अनवाणी राबणारा शेतकरी आणि तेथील कच्ची भाजी खाणारें मूल या दोघांनाही धोका!

उपाय निघाले. जर्मनींत कार्ल इम्होफ यांनीं १९०६ च्या सुमारास दुमजली हौद योजून त्याच्या तळाशीं गाळ कुजविण्याची सोय केली होती. त्यानें दुर्गंधी कमी झाली, तरी जंतांचीं चिवट अंडीं बरीच टिकून राहत. अमेरिकेंतील मिलवॉकी शहरानें १९२६ पासून गाळ भट्टींत वाळवून खत म्हणून विकावयास काढला. उष्णतेपुढें जंतु टिकेनात. पण भट्टी म्हटली कीं जळण आलें.

जळणावांचून उष्णता मिळविण्याची युक्ति इंदूरच्या शेतकी संशोधनसंस्थेंत आकारास आली. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं काडीकचरा, शेण, माती व राख यांचे थर रचून, पाणी शिंपून आणि ढीग वेळोवेळीं उलथून सुमारें तीन महिन्यांत खत तयार केलें. त्याची हकीकत १९३१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झाली. १९३४ मध्यें जॅक्सन व वाड यांनीं हीच रीत मानवी मैल्याकरितां मांडली.

ढिगांतील सूक्ष्म जीव कचरा खातात. त्यांच्या त्या व्यापारानेंच ढीग ६० ते ६५ अंश सेंटिग्रेडपर्यंत तापतो. बाहेरचा थर मात्र थंड राहतो. म्हणून उलथणें हें केवळ मेहनतीचें काम नसून रोगनाशाचें मर्म आहे. त्यायोगें बाहेरचें आंत जाऊन प्रत्येक भागास ऊब लागते. अमेरिकन सरकारच्या १९९३ च्या नियमांनींही हेंच तत्त्व आंकड्यांत बांधलें: गाळाचा उघडा ढीग निदान १५ दिवस ५५ अंशांवर राहावा आणि त्या मुदतींत पांच वेळां उलथावा.

ढीग किती तापला, किती दिवस तापला आणि किती वेळां उलथला, या तीन प्रश्नांचीं उत्तरें ठाऊक नसतील, तर तें खत नव्हे; रोगाचें बियाणेंच शेतांत पेरल्यासारखें होय.