पंधरा टक्के चक्रवाढीचं संगीत

रेडिओ ही ऐकायची वस्तू आहे असा एक समज आहे. बँकेत वीस-बावीस वर्षं व्याजाचे आकडे मांडल्यावर मला ती मोजायची वस्तू वाटू लागली आहे. मुंबईच्या एफएम केंद्रांचा हा इतिहास एका बी.कॉम. माणसाने डोंबिवलीत बसून लिहिलेला आहे. गाण्यातलं ज्यांना कळतं त्यांनी खुशाल पुढचं पान उघडावं.

एफएम आपल्याकडे जन्मलं १९७७ साली, मद्रासला, आकाशवाणीच्या म्हणजे सरकारी घरात. मग बरीच वर्षं पोर रांगतच होतं. १९९३ साली आकाशवाणीने एफएमवरचे काही तास खाजगी कंपन्यांना दिले आणि मुंबईत टाइम्स एफएम ऐकू येऊ लागलं. घर सरकारचं, पोटभाडेकरू खाजगी! तोवर आमच्या घरच्या सेटवर गाण्याबरोबर भजी तळल्याचाही आवाज यायचा. इथे गाणं स्वच्छ, आणि निवेदक चक्क हसत होते. आजोबांना त्यातलं काहीच सोसलं नाही.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. १९९८ साली पोटभाडेकरूंना बाहेर काढलं आणि २००० साली त्याच लहरींचा लिलाव झाला. मालमत्ता सार्वजनिक ठरली की आपल्याकडे लिलाव काही फार लांब नसतो.

इथे माझ्यातला कारकून जागा होतो. मुंबईच्या एका परवान्याची बोली गेली वर्षाला पावणेदहा कोटींवर. मुदत दहा वर्षं, आणि दरसाल १५ टक्के वाढ. कागद घेऊन बसा. सहाव्या वर्षी रक्कम दुप्पट, दहाव्या वर्षी ३४ कोटींच्या वर! गाणी वाजवून एवढे पैसे फेडतो म्हणणारा आमच्या काउंटरवर आला असता, तर त्याला मी आधी खुर्ची दिली असती आणि मग पाणी.

तरीही २००२ साली मिरची, सिटी, रेड, गो आणि विन अशी पाच केंद्रं सुरू झाली. गो इंग्रजी बोलायचं. बाकीच्यांची सुई कुठेही फिरवा, गाणं तेच! लोकांनी निवेदकांच्या आवडीला नावं ठेवली. माझ्या मते तो दोष आवडीचा नव्हता, हप्त्याचा होता. मानेवर असा हप्ता असताना अनोळखी गाणं लावून बघायची छाती कुणाची? विन तर लवकरच बंद पडलं. २००५ साली सरकारने हिशेब बदलला: प्रवेशाची रक्कम एकदाच, पुढे साधारण उत्पन्नाच्या ४ टक्के. मग बाकीच्यांना श्वास लागला. बातम्या मात्र स्वतःच्या द्यायच्या नाहीत. २०११च्या धोरणाने सूट दिली ती आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्याची. हवामान नि वाहतूक चालेल.

परवाना मुंबईचा असला तरी लहरींना नगरपालिकेची हद्द कळत नाही. ठाणं, डोंबिवली, कल्याणला गाणी आयतीच मिळाली. आयत्या गिऱ्हाइकाची कदरही बेताचीच. हाजी अलीला गाड्या तुंबल्याचं आम्ही रोज भक्तिभावाने ऐकायचो. आमची स्वतःची गाडी दिव्याला का थांबलीय हे शेजारच्या पाटीलकाकांकडून कळायचं.

शिवाय मधे पारसिकचा डोंगर. एफएमच्या लहरी सरळ नाकासमोर चालतात, डोंगराला वळसा घालणं त्यांना फारसं जमत नाही. १९१६ सालच्या त्या सव्वा किलोमीटरहून लांब बोगद्यात जलद गाडी शिरली, की कानातलं केंद्र खर्रकन गप्प व्हायचं. नेमका तोच मुहूर्त साधून डब्यातलं भजनी मंडळ टिपेला जायचं. या केंद्राला परवाना नाही, लिलाव नाही, जाहिराती नाहीत. मृदंगवाल्याला खिडकी मिळाली की प्रक्षेपण सुरू!

२०२२ साली पाचवी-सहावी मार्गिका झाली आणि जलद लोकल बोगदा सोडून कळवा-मुंब्र्याकडून जाऊ लागल्या. रेडिओला आता अडथळा नाही. पण ऐकतोय कोण? जो तो मोबाइलवर आपापली गाणी लावून बसलेला. परवा मुंब्र्याच्या आसपास पाटीलकाकांनी माझ्या कानातली वायर ओढून काढली आणि हातात झांजा दिल्या. म्हणाले, "बँकवाले, ठेका मोजायला तरी बसा."

बसलो.