महाविद्यालयीन पदवीनंतरची मिशनरी पूर्वतयारी : अँडोव्हर ते मुंबई (इ. स. १८०६ ते १९११)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा विचार करताना ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा, छापखाने व नियतकालिके यांचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो. १८२४ मध्ये मुंबईत अमेरिकन मिशनने काढलेली मुलींची शाळा किंवा १८४२ मध्ये अहमदनगर येथे (आताचे अहिल्यानगर) सुरू झालेले 'ज्ञानोदय' ही त्यांपैकी ठळक उदाहरणे होत. मात्र या कार्याच्या कर्त्यांनी येथे येण्यापूर्वी कोणते शिक्षण घेतले होते, महाविद्यालयाची पदवी हाती पडल्यानंतर परदेशगमनाची कोणती तयारी केली होती आणि ती येथील समाजाला सामोरे जाताना कितपत उपयोगी पडली, हा प्रश्न मराठी इतिहासलेखनात तुलनेने उपेक्षित राहिला आहे.

प्रस्तुत लेखात अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या पिढीच्या पूर्वतयारीचा प्रामुख्याने विचार केला असून, पुढील शतकभरात या तयारीची कल्पना कशी बदलत गेली याचा आढावा घेतला आहे. ही तयारी प्रथमतः संकल्पाची व सिद्धान्ताची होती; ज्या समाजात जावयाचे त्याच्या ज्ञानाची नव्हती, असे येथे प्रतिपादन केले आहे.

संकल्पाची तयारी : विल्यम्स महाविद्यालय

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्सटाउन येथे १७९३ मध्ये विल्यम्स महाविद्यालय स्थापन झाले. १८०६ च्या ऑगस्ट महिन्यात येथील सॅम्युएल मिल्स, जेम्स रिचर्ड्स, फ्रान्सिस रॉबिन्स, हार्वे लूमिस व बायरम ग्रीन हे पाच विद्यार्थी प्रार्थनेसाठी जमले असता वादळी पावसामुळे त्यांना गवताच्या गंजीच्या आडोशाला आश्रय घ्यावा लागला. आशिया खंडात धर्मोपदेशक पाठविण्याचा विचार या भेटीत मांडला गेला. अमेरिकन मिशनच्या इतिहासात ही घटना 'गवताच्या गंजीची प्रार्थनासभा' म्हणून प्रसिद्ध आहे.

१८०८ मध्ये याच विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने 'ब्रदरन' म्हणजे बंधुमंडळ नावाची गुप्त संस्था स्थापन झाली. तिची घटना सांकेतिक लिपीत लिहिलेली होती. परदेशी मिशनकार्याच्या आड येईल असे कोणतेही बंधन सभासदाने स्वतःवर घेऊ नये, असा तिचा दंडक होता. स्थानिक चर्चचे पाळकपद, विवाहाचे वचन, कौटुंबिक जबाबदारी या सर्वांचा त्यात समावेश होऊ शकत होता. पदवीधर तरुणापुढे ज्या काळात गावच्या पाळकाचे स्थिर व सन्माननीय आयुष्य उभे होते, त्या काळात हा दंडक पाळणे ही तयारीची पहिली पायरी ठरली.

गॉर्डन हॉलचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १७८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील टोलंड येथे जन्मलेला हॉल १८०८ मध्ये विल्यम्समधून पदवीधर झाला. पुढे कनेक्टिकटमधील वुडबरी येथील मंडळीने त्याला पाळकपद देऊ केले. परंतु त्याने ते नाकारले. हाच तरुण पुढे मुंबईत अमेरिकन मिशनचा आधारस्तंभ झाला.

सिद्धान्ताची तयारी : अँडोव्हर

पदवीनंतरच्या धर्मशिक्षणाची व्यवस्था तोपर्यंत बहुधा एखाद्या अनुभवी पाळकाच्या घरी राहून शिकण्याची होती. १८०८ मध्ये सुरू झालेल्या अँडोव्हर धर्मशास्त्र विद्यालयाने या पद्धतीला संस्थात्मक पर्याय दिला. महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण केलेल्यांसाठी येथे तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. बायबलच्या मूळ भाषा, धर्मसिद्धान्त आणि प्रवचनकला हे त्याचे मुख्य विषय होते. लिओनार्ड वुड्स सिद्धान्त शिकवीत, तर १८१० पासून मोझेस स्टुअर्ट यांच्याकडे बायबलच्या अध्ययनाचा विषय होता. स्टुअर्ट यांनी १८१३ मध्ये इब्री भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा ती अक्षरे जुळविणारे कामगार उपलब्ध नसल्याने त्यांना खिळे जुळविण्याचे काम स्वतःच करावे लागले.

अँडोव्हर येथे निरनिराळ्या महाविद्यालयांचे पदवीधर एकत्र आले. विल्यम्सचा हॉल, ब्राउनचा अॅडोनिरम जडसन, हार्वर्डचा सॅम्युएल न्यूएल आणि युनियन महाविद्यालयाचा सॅम्युएल नॉट हे त्यांपैकी प्रमुख होत. फोर्ट विल्यम महाविद्यालयात पूर्वी अधिकारपदावर असलेले क्लॉडियस ब्यूकॅनन यांचे १८०९ मधील प्रवचन आणि मायकेल साइम्स यांचा ब्रह्मदेशातील वकिलातीचा १८०० मधील वृत्तान्त, हे जडसनचे आशियाविषयक वाचन होते. पूर्वेकडील समाजाची ओळख अशी एका बाजूने धर्मोपदेशकाच्या व दुसऱ्या बाजूने राजदूताच्या नजरेतून होत होती.

२८ जून १८१० रोजी ब्रॅडफर्ड येथे भरलेल्या धर्मोपदेशकांच्या सभेपुढे या विद्यार्थ्यांनी आपला अर्ज ठेवला. त्यावर जडसन, नॉट, मिल्स व न्यूएल या चौघांच्या सह्या होत्या. इतके उमेदवार पाहून ज्येष्ठ मंडळी बिचकतील, या भीतीने रिचर्ड्स व ल्यूथर राइस यांची नावे ऐनवेळी वगळण्यात आली. दुसऱ्याच दिवशी 'अमेरिकन बोर्ड' या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या संस्थेची स्थापना झाली. येथे संस्थेने विद्यार्थ्यांना घडविले नाही, तर विद्यार्थ्यांनी आपल्यासाठी संस्था घडवून घेतली, ही बाब लक्षणीय आहे.

व्यावहारिक तयारी आणि तिच्या मर्यादा

प्रस्थानापूर्वीच्या हिवाळ्यात हॉल व न्यूएल यांनी फिलाडेल्फिया येथे वैद्यकाचे काही शिक्षण घेतले. व्यावहारिक म्हणता येईल अशी त्यांची प्रमुख तयारी हीच होय. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथील टॅबर्नॅकल चर्चमध्ये जडसन, नॉट, न्यूएल, हॉल व राइस या पाच जणांना धर्मोपदेशकपदाची दीक्षा देण्यात आली आणि त्याच महिन्यात ते दोन जहाजांतून भारताकडे निघाले.

स्त्रियांच्या तयारीचा प्रश्न याहून गंभीर होता. अॅन हॅसेल्टाइन व हॅरिएट अॅटवुड या दोघी ब्रॅडफर्डच्या अकादमीत शिकल्या होत्या. परंतु अँडोव्हरचे दार त्यांना बंद होते. त्यांच्या बाबतीत विवाह हीच नियुक्ती होती. मुलीचे पुन्हा या जगात दर्शन न होण्याची पित्याची तयारी आहे काय, असा प्रश्न जडसनने अॅनच्या वडिलांना लिहिलेल्या पत्रात सरळ विचारला होता. हॅरिएट न्यूएल ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशस येथे मरण पावली, तेव्हा ती अवघी एकोणीस वर्षांची होती.

या संपूर्ण तयारीत एकाही भारतीय भाषेचा समावेश नव्हता. वस्तुतः मराठीच्या अध्ययनाची साधने तोपर्यंत तयार झाली होती. विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये व मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये श्रीरामपूरच्या मिशनकडून बाहेर पडला होता. परंतु अँडोव्हरच्या विद्यार्थ्यांचे गंतव्यस्थानच निश्चित नव्हते. ब्रह्मदेश, सुरत अथवा पिनांग यांपैकी परिस्थिती अनुकूल असेल तेथे जावे, असा बोर्डाचा विचार होता. कोठे जावयाचे हेच ठाऊक नसताना कोणती भाषा शिकावी हा प्रश्न उद्भवत नव्हता. जावयाचे एवढे मात्र पक्के होते.

मुंबईतील कसोटी

या तयारीचा पहिला परिणाम अनपेक्षित होता. मूळ ग्रीक शब्द तपासण्याची सवय अँडोव्हरने लावली होती. प्रवासात नव्या कराराचे भाषांतर करताना जडसनने बाप्तिस्म्याविषयीच्या शब्दाचा विचार केला आणि कलकत्त्यास पोहोचल्यावर तो बॅप्टिस्ट पंथात गेला. पुढे राइसनेही तोच मार्ग स्वीकारला. पाचांपैकी दोघे अशा रीतीने बोर्डापासून दुरावले.

दुसरी अडचण राजकीय होती. ईस्ट इंडिया कंपनीने मिशनऱ्यांना कलकत्ता सोडण्याचा हुकूम दिला. त्यातच जून १८१२ मध्ये अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले होते. हॉल व नॉट ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले. परंतु त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचे आदेश त्यांच्या मागोमाग आले. कोचीनकडे निसटण्याचा त्यांचा प्रयत्न फसला व त्यांना परत आणण्यात आले. त्यानंतर गव्हर्नर सर इव्हान नेपिअन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी राजाज्ञेहून धर्माज्ञा श्रेष्ठ, अशी भूमिका घेऊन नेपिअन यांच्या सदसद्विवेकबुद्धीला आवाहन केले. अँडोव्हरचे तर्कशिक्षण येथे उपयोगी पडले असले, तरी निर्णायक ठरली ती बदललेली राजकीय हवा. १८१३ च्या सनदी कायद्याने परवान्यासह मिशनऱ्यांना प्रवेशाची वाट मोकळी करून दिली होती.

खरी पूर्वतयारी यानंतर सुरू झाली. वयाच्या तिशीच्या आसपास असलेले हे पदवीधर स्थानिक शिक्षकाच्या हाताखाली मराठीचे विद्यार्थी झाले. १८१४ मध्ये न्यूएल सिलोनहून मुंबईस आला. प्रकृतीच्या कारणास्तव नॉट १८१५ मध्ये परतला. १८१६ मध्ये आलेल्या होरेशिओ बार्डवेलला मुद्रणाची माहिती असल्याने छापखाना उभा राहिला आणि १८१७ पासून मराठी पुस्तिका बाहेर पडू लागल्या. अँडोव्हरमधील इब्री व ग्रीकचे अध्ययन भाषांतराच्या कामी आले, हे मान्य केले पाहिजे. १८२६ मध्ये मिशनने प्रसिद्ध केलेला मराठी नवा करार हे त्याचे फलित होय.

दृष्टिकोन मात्र सहजासहजी बदलला नाही. हॉल व न्यूएल यांनी मुंबईत लिहिलेली आणि १८१८ मध्ये अँडोव्हर येथे छापलेली पुस्तिका जगातील साठ कोटी ख्रिस्तेतरांच्या धर्मांतराचा हिशेब मांडते. मुंबईच्या रस्त्यांवर दररोज भेटणारी माणसे त्यात प्रामुख्याने संख्या म्हणून येतात. या दृष्टिकोनाला येथील विद्वानांनी उत्तर दिले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर यांनी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्याशी वाद केला, तर १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर चर्चा केल्या. या चर्चांचा वृत्तान्त अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनीच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. अमेरिकेतील वर्गात न शिकविलेला धडा मिशनऱ्यांना येथे प्रतिपक्षाकडून मिळाला.

या पिढीने मोजलेली किंमतही दुर्लक्षिता येत नाही. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने मरण पावला. १८२५ मध्ये हॉलची पत्नी मार्गारेट मुलांसह अमेरिकेस गेली. हॉल येथेच राहिला. मार्च १८२६ मध्ये तो नाशिक भागात गेला असता तेथे पटकीची साथ होती. जवळची औषधे त्याने रुग्णांना वाटली. परतीच्या वाटेवर धोरली-डापूर या गावी तो स्वतः आजारी पडला, तेव्हा औषधांचा साठा जवळजवळ संपला होता. २० मार्च रोजी एका देवळाच्या ओसरीवर त्याचा अंत झाला. फिलाडेल्फियातील त्या एका हिवाळ्याचे शिक्षण या भागातील रुग्णांच्या वाट्याला आले होते.

पुढील पिढ्या : कोल्हापूर ते माउंट हर्मन

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर महाराष्ट्राचा या पूर्वतयारीशी असलेला संबंध उलट दिशेने दृढ झाला. अँडोव्हरच्या बंधुमंडळाचे सभासद रॉयल वाइल्डर १८४६ मध्ये अहमदनगरला व १८५२ मध्ये कोल्हापूरला आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मला. प्रिन्स्टनची पदवी घेतल्यावर १८८६ च्या उन्हाळ्यात तो मॅसॅच्युसेट्समधील माउंट हर्मन येथे भरलेल्या विद्यार्थी परिषदेस उपस्थित राहिला. तेथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनकार्याची तयारी दर्शविली. त्यातून १८८८ मध्ये 'स्टुडंट व्हॉलंटिअर मूव्हमेंट' ही संघटना रीतसर उभी राहिली.

मुंबईत १८४७ मध्ये जन्मलेले रॉबर्ट ह्यूम येल व अँडोव्हर येथील शिक्षण घेऊन १८७४ मध्ये अहमदनगरला परतले आणि १८७८ मध्ये त्यांनी तेथेच धर्मशिक्षणाचे विद्यालय काढले. ख्रिस्ताचे नावही न ऐकता मरण पावलेल्यांना मृत्यूनंतर संधी मिळू शकेल काय, या प्रश्नावर त्यांनी उदार मत मांडले, तेव्हा बोर्डाने त्यांच्या पुनरागमनात अडथळा आणला. अखेर १८८७ मध्ये त्यांना परतण्याची परवानगी मिळाली. हा वाद केवळ सिद्धान्ताचा नव्हता. ज्या शेजाऱ्यांमध्ये आयुष्य काढावयाचे, त्यांच्या पूर्वजांविषयी काय मानावयाचे, असा तो प्रश्न होता. बालपण भारतात गेलेले जस्टिन अॅबट यांनी निवृत्तीनंतर १९२६ पासून महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी भाषांतरमाला प्रसिद्ध केली. १८१८ च्या पुस्तिकेपासून हे अंतर फार मोठे आहे.

१९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेने आपला पाचवा आयोग मिशनऱ्यांच्या पूर्वतयारीसाठीच नेमला होता. जेथे जावयाचे तेथील भाषा, धर्म व समाजस्थिती यांच्या अध्ययनाला त्यात महत्त्व दिले गेले. १९११ मध्ये अमेरिकेत हार्टफर्ड येथे केनेडी स्कूल ऑफ मिशन्स सुरू झाले.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिल्या पिढीची पूर्वतयारी विद्यार्थ्यांनी स्वतः घडविलेली होती. तिचे बळ संकल्पात, बायबलच्या भाषांत व तर्कात होते. तिच्यातील उणीव म्हणजे यजमान समाजाविषयीचे अज्ञान होय. ती उणीव संस्थांच्या आधी मुंबई, अहमदनगर व कोल्हापूर येथील प्रत्यक्ष सहवासाने, मराठी शिक्षकांनी व मराठी प्रतिवाद्यांनी भरून काढली. १९१० मध्ये एडिंबरोत मान्य झालेले तत्त्व त्यांनी त्यापूर्वीच अनेक दशके मिशनऱ्यांना शिकविले होते. मिशनऱ्यांनी मराठी समाजाला काय दिले, याची चर्चा विपुल झाली आहे. मराठी समाजाने मिशनऱ्यांना कसे घडविले, या बाजूने या इतिहासाचा अभ्यास होणे तितकेच आवश्यक आहे.